चौदाव्या वर्षी वारलेल्या माणसाचा जावई

९ ऑक्टोबर, सोमवार

कुळाच्या वंशावळीच्या साइटप्रमाणे माझे वडील १९५१ साली वारले. वय चौदा. मी जन्मलेलीच नाही. माझा घटस्फोटित नवरा मात्र ठणठणीत आहे – त्यांचा जावई म्हणून!

शप्पत. "ग्वाक दोसिक" असं बाबांचं नाव टाकलं, शोध दाबला, आणि हे समोर आलं: ओगोक गावचे ग्वाक, पिढी सव्विसावी, यंगहा यांचा मुलगा. लवकर वारला. कबर मागच्या टेकडीवर, तोंड ईशान्येला. मागे कोणी नाही. आणि त्याखालच्या ओळीत: जावई – कू ब्यंगमो.

मेल्या पोराला जावई देणारी साइट. आमच्या देशाचं इंटरनेट जगात सगळ्यांत वेगवान, ते उगाच नाही.

जावयाचं कोडं मला लगेच सुटलं. १९९८ च्या छापील आवृत्तीत मुलीचं नाव लिहायची रीत नव्हती, तिच्या जागी जावयाचं नाव घालायचे. म्हणजे गेली पंचवीस वर्षं मी त्या ग्रंथात कूच्या नावानं नांदते आहे. कोर्टानं काडीमोड दिला, पण वंशावळीनं नाही. तिथं तो अजून आमच्या घरात पाय पसरून बसलाय.

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं म्हणतात ना – आमच्या कुळात मिशा नसतील तर आत्यासुद्धा म्हणत नाहीत. जावयाचं नाव पुकारतात.

१० ऑक्टोबर

साइटचा गुप्तशब्द विसरले. सुरक्षा प्रश्न आला: आपल्या सातव्या पूर्वजाचं सासर कोणतं? हे लोक बँक चालवत नाहीत, हे नशीब.

१३ ऑक्टोबर

हे सगळं मुळात बाबांसाठी चाललंय, ते लिहून ठेवायला हवं. नाहीतर माझी खवचट जीभ असं दाखवेल, की मीच हौसेनं पूर्वज उकरायला निघाले.

बाबा शहाऐंशीचे. वृद्धांच्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट. हृदय दमलंय, डोकं नाही. डॉक्टर म्हणतात, हिवाळा जड जाईल. गेल्या महिन्यात कुळमंडळाचं पत्र आलं, की नव्या ऑनलाइन आवृत्तीत मुलींची नावं मुलांसारखीच घेणार. दुरुस्त्या दहा नोव्हेंबरपर्यंत. मग एकोणीसला थडग्यांच्या पूजेत पूर्वजांना कळवणार. बाबांनी ते पत्र उशीखाली ठेवलंय. "माझ्या नावाखाली तुझं नाव बघायचंय, जंगिम. वाचून दाखव. मग मी मोकळा."

ज्या माणसानं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही, त्यानं हे मागावं! मी वर्तमानपत्रात वंशावळींची टिंगल करून पोट भरणारी बाई. पण नाही कसं म्हणणार?

आज गेले तेव्हा परिचारिका त्यांचे केस विंचरत होती. "आजोबा, डाव्या भुवईत ही फट कसली?" बाबांचं नेहमीचं उत्तर – "एका भांडकुदळ पोरीनं खापर फेकून मारलं." आई जिवंत असेपर्यंत यावरून टोमणे मारायची, "जा की मग तुमच्या खापरवालीकडे!" परिचारिकाही हसली.

मग मी साइटची गंमत सांगितली. वाटलं, हसतील.

हसले नाहीत. म्हणाले, "कबर कुठं लिहिलीय?"

"मागच्या टेकडीवर. तोंड ईशान्येला."

खिडकीकडे बघत म्हणाले, "बरोबर आहे."

काय बरोबर आहे?

१७ ऑक्टोबर

कुळमंडळाच्या कचेरीत गेले. वायव्य तेगूत, केशकर्तनालयाच्या वर, दोन खोल्या. आत सहाशे वर्षांचे ग्वाक आणि एक विजेची शेगडी. शेगडीपाशी लेखनिक ग्युनाम. वय एक्क्याऐंशी, कान तीक्ष्ण, दात नवे.

मला बघून उठून उभा राहिला आणि कमरेत वाकला. "या, आत्या! बसा, आत्या. गुडघे दुखत असतील, उशी घ्या, आत्या."

मी बावन्न. तो एक्क्याऐंशी. पण मी त्याच्याहून एक पिढी वर आहे, म्हणून मी आत्या. माझ्या बाबांना तो आजोबा म्हणतो – बाबा त्याच्यापेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठे! लहानपणी पूजेला जायचे तेव्हा हा टक्कल पडू लागलेला बाप्या मला "आत्या, खाली पडाल" म्हणायचा आणि मी त्याला "ग्युनाम, पाणी आण" म्हणायचे. इतर कुठल्या देशात याला उद्धटपणा म्हणतील. आमच्यात याला संस्कार म्हणतात.

"ग्युनाम, तुझ्या साइटनं माझ्या बापाला मारलंय."

"साइटनं नाही, आत्या. माझ्या बापानं मारलंय." आणि कपाटातून अठ्ठावन्न सालची आवृत्ती काढून पान उघडलं. लेखनिक त्याचे वडीलच होते. ब्रशानं लिहिल्यासारखी सुबक अक्षरं: लवकर वारला, कबर मागच्या टेकडीवर, मागे कोणी नाही.

"चूक झाली असेल त्यांची."

"माझा बाप एका टिंबाची चूक करायचा नाही. म्हणून तर सगळं गाव त्याच्यावर चिडायचं." मग म्हणाला, "अठ्ठ्याण्णवला मी आजोबांना जिवंत केलं. जुनी ओळ खोडली नाही, नवी खाली जोडली. यंत्रानं दोन्ही एकत्र शिवल्या. आता मी काही बोलणार नाही, आत्या. तुम्ही आजोबांनाच विचारा."

"दुरुस्तीचा अर्ज तरी दे."

"आधी विचारा. अर्ज दिला तर समिती बसेल. समिती बसली की मग मलाही खरं बोलावं लागेल."

१८ ऑक्टोबर

आज गेले नाही. डोकं दुखतंय, असं स्तंभाच्या संपादकाला सांगितलं. वही, तुला काय खोटं सांगू? घाबरले.

२२ ऑक्टोबर, रविवार

विचारलं.

बाबांनी सांगितलं तसंच लिहिते, मध्ये माझी टिप्पणी नाही. जमेल तेवढी.

दोसिक नावाचा मुलगा होता. यंगहा आजोबांचा एकुलता एक. युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात उवांच्या तापाच्या साथीत गेला. त्याला मागच्या टेकडीवर पुरून दहा दिवस झाले होते, तेव्हा ओगोकात एक पोरगा आला. सीमेपलीकडचा, उत्तरेतला, पुकच्यंगचा. हंगनामच्या धक्क्यावर निर्वासितांना बोटींत भरत होते तेव्हा आईचा हात सुटला, गर्दीनं त्याला भलत्याच बोटीत ढकललं, बोटीनं कोजे बेटावर सोडलं. तिथून माणसं शोधत चालत चालत दोन महिने. आजी मागच्या अंगणात आली तेव्हा तो डुकराच्या भांड्यातलं खात होता. आजीनं काही विचारलं नाही. आत गेली, दोसिकचा कापूस भरलेला अंगरखा आणला, त्याच्या अंगात घातला.

"बाह्या बरोबर बसल्या," बाबा म्हणाले. "बाह्या बसल्या तशी ती रडायला लागली."

उत्तरेतला, कागद नसलेला, चौदा वर्षांचा. त्या दिवसांत दोन्हीकडचे शिपाई असल्या पोरांना उचलून न्यायचे, कुणी सैनिक म्हणून, कुणी हेर म्हणून. आजोबांनी दोसिकच्या मृत्यूची नोंद केली नव्हती. नंतर सरकारी कचेरी जळाली आणि लोकांच्या जबानीवरून नवी दप्तरं झाली. आजोबांनी जबानी दिली: मुलगा एक, दोसिक, हयात.

सात वर्षांनी वंशावळ छापायची वेळ आली. ग्युनामचा बाप विचारायला आला, काय लिहू? आजोबा म्हणाले, "सरकारला खोटं सांगेन. पूर्वजांना नाही. माझा पोरगा टेकडीवर आहे, तसं लिही."

"तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं का?"

"मला? मला बरं वाटलं. त्याची एक तरी जागा मी घेतली नव्हती."

माझे वडील. बावन्न वर्षं बाबा म्हणतेय मी.

त्र्याऐंशीचा उन्हाळा आठवला. टीव्हीवर रोज माणसं गळ्यात पाट्या अडकवून उभी – आपल्या हरवलेल्यांची नावं. अख्खा देश रडत होता. मी बारा वर्षांची, कंटाळलेली, कारण माझा कार्यक्रम लागत नव्हता. बाबा टीव्हीसमोरून हलत नव्हते. आज विचारलं, तुम्ही का नाही गेलात पाटी घेऊन?

"तुझे आजोबा शेजारी बसले होते," ते म्हणाले.

एवढंच. आणि मला आठवलं – हो, बसले होते. तेही हलत नव्हते.

२३ ऑक्टोबर

तरीच ते सिखे! मीठ लावलेला मासा, राळे, तिखट, आंबवून. आमच्या गावात कुणी तोंडात घालणार नाही. बाबा मात्र दर हिवाळ्यात तेगूच्या बाजारातून उत्तरेकडच्या बाईच्या गाळ्यावरून आणायचे आणि आई नाक धरायची. आज मी तो गाळा शोधून काढला. म्हातारी कधीच गेली, तिची नात चालवते. अर्धा किलो घेतलं. बाबांनी दोन घास खाल्ले, डोळे मिटून. मला म्हणाले, "राळे कमी पडले." वा! कौतुकाची हीच आमच्या घरची भाषा.

२८ ऑक्टोबर

भांडलो. हृदय दमलेल्या माणसाशी भांडू नये, पण त्यांनीच सुरुवात केली.

मला वाटलं होतं सोपं आहे. ग्युनामला गप्प राहायला सांगायचं, जुनी ओळ खोडायची, बाबांखाली माझं नाव. संपलं.

बाबा म्हणतात, नाही. ओळ खोडायची नाही. नाव परत करायचं.

"बहात्तर वर्षं त्याचं नाव वापरलं. त्याच्या अंगरख्यात वाढलो, त्याच्या आईच्या हातचं जेवलो, त्याच्या पाटीवर लिहायला शिकलो. आता जाताना तेही घेऊन जाऊ? मला वेगळं लिहा. यंगहांचा मानलेला मुलगा. मूळ नाव थाक मानसू, पुकच्यंगचा."

थाक मानसू. मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनीही म्हणताना आधी ओठ ओले केले.

"बरं," मी म्हटलं, "म्हणजे मी तुमच्या, मानसूंच्या नावाखाली."

"नाही. तू दोसिकच्या नावाखाली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्यात हे चालतं – निपुत्रिक मेलेल्याला भावाचं मूल देतात, म्हणजे त्याच्या मागे कोणी राहतं, पूजेला कुणी दारूचा पेला ओततं. राजेरजवाड्यांपासून चालत आलंय. पण मुलगा देतात. मुलगी कुणी दिल्याचं मी ऐकलं नाही.

"महिनाभर उशीखाली पत्र ठेवलंत! माझ्या नावाखाली तुझं नाव, म्हणालात! आणि आता मला देऊन टाकताय?"

"त्याच्यापुढं लिहिलंय ना, मागे कोणी नाही. तू वाचून दाखवलंस तेव्हापासून झोप नाही. माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काय आहे?"

"आणि तुमच्यापुढं लिहितील ते? मागे कोणी नाही?"

"लिहू दे. मला रोज तुझा डबा येतो."

मी दार आपटून आले. इस्पितळाची दारं आपटत नाहीत, हळूच मिटतात. तेवढंही समाधान नाही.

२९ ऑक्टोबर

राळे जास्त घातलेलं सिखे घेऊन गेले. म्हटलं, ठीक आहे. त्यांनी माझा हात घेतला आणि सोडलाच नाही, डब्यातला भात थंड होईपर्यंत.

३ नोव्हेंबर

समिती बसली. नऊ म्हातारे, नऊ सारखे चष्मे. एकानं शेगडीवर मोजे वाळत घातले होते.

अध्यक्ष म्हणाले, "परक्या आडनावाचा माणूस कुळात येत नाही. सहाशे वर्षांची रीत आहे."

मी तोंड उघडणार होते. तीन स्तंभ पुरतील एवढं विष तयार होतं. तेवढ्यात ग्युनाम उठला.

"मी आठ वर्षांचा होतो," म्हणाला. "यंगहा पणजोबांनी गावातली सगळी पोरं अंगणात उभी केली. तो पोरगा तिथं उभा, अंगरखा घातलेला, थरथरणारा. म्हणाले, याला नीट हाक मारा. मी सगळ्यांत लहान, म्हणून मला पुढं ढकललं. मी म्हटलं – आजोबा. चौदा वर्षांच्या पोराला! सगळे हसले. तोही हसला, पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी शिपाई आले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हा कोण? मी म्हटलं, माझा आजोबा. शिपाई हसत हसत निघून गेले. त्यांना वाटलं, एवढं हास्यास्पद उत्तर खोटं असणार नाही."

मग तो अध्यक्षांकडे वळला.

"त्या दिवसापासून बहात्तर वर्षं मी त्यांना आजोबा म्हणतोय. तुम्ही, अध्यक्ष, त्यांना काका म्हणता. दर नव्या वर्षाला त्यांच्या पाया पडता. ते परके असतील, तर तुम्ही इतकी वर्षं कुणाच्या पाया पडलात?"

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले, "मुलगी वारस म्हणून देता येते का?"

ग्युनाम म्हणाला, "पत्र तुम्हीच पाठवलंय. मुली मुलांसारख्याच. सहीसुद्धा तुमचीच आहे."

मोजेवाला म्हातारा म्हणाला, "पाया पडलेलं परत घेता येत नाही." ठराव झाला.

बाहेर जिन्यात मी ग्युनामचा हात धरला. तो म्हणाला, "सांभाळून, आत्या, पायरी मोडकी आहे."

१० नोव्हेंबर

ग्युनामचा फोन. "बघा आता, आत्या."

लॅपटॉप घेऊन इस्पितळात गेले. बाबांना बसतं केलं, चष्मा लावला. मोठ्यानं वाचलं.

दोसिक. लवकर वारला. कबर मागच्या टेकडीवर, तोंड ईशान्येला. मुलगी – जंगिम.

"मागे कोणी नाही" गेलं. ती जागा नुसती पांढरी.

खाली: मानसू. यंगहांचा मानलेला मुलगा. मूळ आडनाव थाक, पुकच्यंगचा. हंगनामहून आला, बोटीनं. आता "मागे कोणी नाही" वाचावं लागणार म्हणून मी दम घेतला. पण तिथं ग्युनामनं लिहिलं होतं: मुलगी – जंगिम, थोरल्या भावाला दिली.

अरे हो! दिलेल्या मुलाची नोंद जन्मदात्याकडेही ठेवतात. मी वंशावळींची एवढी टिंगल केली, पण त्या वाचायला शिकले नाही. जिथं एकदाही नव्हते, तिथं आता दोनदा आहे. आणि कू कुठंच नाही. सहाशे वर्षांनी एक काम नीट झालं!

बाबा म्हणाले, "परत वाच." सात वेळा वाचलं. शेजारच्या खाटेवरचा आजोबा म्हणाला, "आम्हालाही पाठ झालं."

१९ नोव्हेंबर, रविवार

पूजा. थंडी. काल थोडं बर्फ पडलं होतं, टेकडीची वाट निसरडी. ग्युनाम पुढं, फांद्या बाजूला करत. कबर म्हणजे गवताचा एवढासा उंचवटा. पण गवत कापलेलं. दर वर्षी कोण कापायचं, हे विचारायची गरज नव्हती. लहानपणी बाबा गामची पिकलेली फळं घेऊन "मित्राकडे जाऊन येतो" म्हणून वर जायचे. मला वाटायचं, वर मित्र राहतो.

बाईनं पेला ओतल्याचं या टेकडीवर कुणी पाहिलं नव्हतं. नऊ चष्मे मागं उभे. थोडी दारू तोक, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वड्या, ठेवलेल्या ताटात सांडली. मी दोनदा वाकले, कपाळ जमिनीला लावलं. चौदा वर्षांचा माझा बाप. माझ्या मुलीच्या निम्म्या वयाचा.

त्याला म्हटलं – मनात, नाहीतर चष्म्यांनी ऐकलं असतं – तुझी पाटी, तुझा अंगरखा, तुझी आई, तुझं नाव. त्यावर मी जेवले, शिकले, लोकांची थट्टा करत मोठी झाले. उपकार कसे फेडतात ते मला येत नाही. पुढच्या वर्षी येईन. गाम आणीन.

खाली उतरून इस्पितळात गेले आणि दुसऱ्या बापाला डबा दिला. म्हणाले, "गवत कसं होतं?"

"कापलेलं."

"मी सांगून ठेवलं होतं," म्हणाले, आणि भात मागून घेतला.

२७ नोव्हेंबर

साइटच्या निरोपपेटीत आज हे आलं. ग्युनामनं वाचलं आणि टॅक्सी करून स्वतः छापील कागद आणून दिला, मला नुसतं "आत्या" म्हणाला आणि जिन्यात बसून राहिला. उतरवून ठेवते:

"मी थाक ओकबून, पुसानला असते, वय एकोणऐंशी. आईनं मरेपर्यंत शोधलं, नंतर मी. माझी नात दर महिन्याला प्रत्येक साइटवर भावाचं नाव टाकून बघते. आज तुमच्या कुळात सापडलं. पुकच्यंगचा थाक मानसू, हंगनामच्या धक्क्यावर हात सुटला. तुमचा मानसू जिवंत असेल, तर त्याची डावी भुवई बघाल का? तिच्यात एक फट असेल. खापर मी फेकलं होतं. माफी मागायची राहिली आहे."